बेंबी किती दिवस वाहिली?

मुलगी, वय एकोणीस महिने, वजन ९.६ किलो. तक्रार : अंगावर सारखं काळं-निळं होतं. गाव खानापूर तालुक्यातलं, विट्याच्या जवळचं. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत. आजार आणि चुका तशाच ठेवल्या आहेत, आणि चुकांपैकी बऱ्याचशा माझ्या आहेत.

श्रावण होता, म्हणजे सांगलीत डेंग्यूचे दिवस. या दिवसांत पोराच्या अंगावर डाग दिसला की लोक डॉक्टरकडे यायच्या आधी लॅबमध्ये जाऊन प्लेटलेट मोजून येतात. यांनीही तेच केलं होतं. आजीने पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवला. प्लेटलेट ३ लाख २० हजार. "पेशी चांगल्या हायत म्हणत्यात, मग डाग कशानं?" प्रश्न अगदी नेमका होता. त्याचं उत्तर द्यायला मला पाच आठवडे लागले.

बाळासोबत आई आणि वडिलांची आई, दोघी आल्या होत्या. वडील कोईमतूरला गलाईच्या धंद्यात. विटा, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या कामासाठी देशभर पांगली आहेत, त्यामुळे इकडच्या ओपीडीत बाप बहुधा मोबाईलवरच भेटतो. सून सासूला "आत्या" म्हणत होती. ते मी ऐकलं आणि सोडून दिलं. आपल्याकडे निम्म्या सुना सासूला आत्याच म्हणतात.

झबलं-चड्डी सगळं काढून बाळाला उजेडात घेतलं. दोन्ही नडग्यांवर चार-पाच छोटे डाग, कपाळावर उतरत आलेलं टेंगूळ. यात काही नवल नाही. नुकतं चालायला लागलेलं पोर दिवसातून वीसदा पडतं, आणि पडतं ते पुढे. त्यामुळे नडगी, गुडघा, कपाळ, हनुवटी अशा जिथे कातडीखाली लगेच हाड लागतं त्या जागा काळ्या-निळ्या होतातच. माकडहाडावर करडा-निळा पट्टा होता. तो जन्मापासूनचा, रंगद्रव्याचा. दाबला तरी दुखत नाही, महिनोन्‌महिने रंग बदलत नाही. हा पट्टा मार समजून पाठवलेली बाळं मी पाहिली आहेत.

पण तीन डाग या हिशेबात बसत नव्हते. एक पाठीवर, डाव्या फऱ्याखाली. एक उजव्या कुल्ल्यावर. आणि तिसरा डाव्या मांडीवर, पट्टी लावून मोजला तर सात सेंटिमीटर लांब आणि पाच रुंद. मध्ये बोटाला घट्ट गाठ लागत होती, तिच्याभोवती जांभळं, कडेला हिरवट-पिवळं. दीड वर्षाचा त्रिगुणीचा डोस त्याच मांडीत दिला होता, आठ दिवसांपूर्वी. आई म्हणाली, "सुई दिली त्या दिवशी काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मांडी टरारली." गावात बोल नर्सबाईंना लागला होता.

"दुसऱ्या दिवशी दुपारी." हे मी केसपेपरवर लिहिलं. माझ्याच अक्षरात आहे. त्याचा अर्थ मात्र त्या दिवशी लावला नाही.

जे सापडलं नाही तेही सांगायला हवं, कारण डागांच्या तपासणीत त्याचं वजन तेवढंच. टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके कुठेच नव्हते. ते असते तर प्लेटलेटची संख्या किंवा त्यांचं काम बिघडल्याचा संशय आला असता. प्लीहा, यकृत हाताला लागत नव्हतं, गळ्यात-काखेत गाठी नव्हत्या, ताप नव्हता, बाळ खेळकर होतं. ल्युकेमियाची भीती त्यामुळे कमी झाली. हिरड्या ठीक, सांधे मोकळे, कातडी रबरासारखी ताणली जात नव्हती.

पाठ, कुल्ले, पोट, मान, कान. चार वर्षांखालच्या मुलात या जागांवर डाग दिसला की कुणी मारलं का, हा प्रश्न विचारावाच लागतो. जे बाळ अजून धरून उभंही राहत नाही त्याच्या अंगावर कुठेही डाग असला तरी विचारावा लागतो. विचारायला जड जातं, विशेषतः आपल्याकडे, जिथे डॉक्टर तीन पिढ्यांना नावानिशी ओळखतो. मी आजीला वजन करून आणायच्या निमित्ताने बाळासोबत बाहेर पाठवलं आणि आईला सरळ विचारलं, "घरात कुणी रागाने हात उचलतं का? बाळावर, नाहीतर तुमच्यावर?"

ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "आत्यांना वाटतं मी मारते. मला वाटायचं मी रानात गेल्यावर त्या मारत असतील. दोन महिने आम्ही एकमेकींवर पाळत ठेवून आहे."

दोन वर्षांखालच्या बाळात असा संशय आला तर सगळ्या हाडांचे एक्स-रे काढतात. तेही काढले. एकही जुनं-नवं फ्रॅक्चर नव्हतं. डागांच्या रंगावरून मार कधीचा हे ठरवण्याचा मोह मात्र मी टाळला. हिरवा म्हणजे इतक्या दिवसांचा, पिवळा म्हणजे तितक्या, असले तक्ते पूर्वी शिकवायचे. ते भरवशाचे नाहीत. आणि एक गोष्ट तरुण डॉक्टरांना सांगाविशी वाटते : मारहाणीची चौकशी आणि रक्ताची तपासणी एकीनंतर एक करायच्या नसतात, एकाच वेळी करायच्या असतात. रक्ताचा आजार निघाला म्हणून मार नसेलच असं नाही, आणि उलटही तसंच.

औषधांचं विचारलं. तापाला पॅरासिटामॉल, ते चालतं. आयब्युप्रोफेन मिसळलेलं औषध नव्हतं, ऍस्पिरिन नव्हती. घरात उंदराचं औषध आहे का, हेही विचारलं. ब्रोमाडिओलोनच्या वड्या धान्याच्या कणगीमागे ठेवलेल्या असतात, रांगणारं पोर तोंडात घालतं, आणि व्हिटॅमिन के अडल्यामुळे आठवडे-आठवडे रक्त पातळ राहतं. नव्हतं.

मग तो प्रश्न. मी आजीला विचारलं, "तुमच्या घरात कुणाला असा रक्ताचा त्रास?" ती म्हणाली, "न्हाय बाबा, आमच्या घरात कुणालाच न्हाय." मी "कौटुंबिक इतिहास : नाही" असं लिहिलं. नात्यातलं लग्न या रकान्यात ज्युनियर डॉक्टरने आधीच फुली मारून ठेवली होती.

रक्त काढताना पोरीने आकांत केला. निळ्या झाकणाच्या नळीत जेमतेम निम्मं रक्त आलं. त्या नळीत रक्त गोठू न देणारं सायट्रेटचं द्रावण मोजून घातलेलं असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग. रक्त कमी पडलं तर सायट्रेट जास्त होतं आणि गोठायचा वेळ खोटाच लांबतो. तसंच झालं. एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायचा वेळ मोजणारी चाचणी, ४६ सेकंद. ज्युनियर लगेच म्हणाला, "सर, हिमोफिलिया." मुलीत हिमोफिलिया अशक्य नाही, पण फार विरळा, आणि मला नळी आठवत होती. दुसऱ्या दिवशी खुणेपर्यंत भरून नळी पाठवली. एपीटीटी ३१ सेकंद, तशीच दुसरी चाचणी पीटी १२.८, फायब्रिनोजेन २६०, सगळं नॉर्मल. सूक्ष्मदर्शकाखाली प्लेटलेट नेहमीसारख्या झुबक्यांनी दिसत होत्या, म्हणजे ग्लान्झमनचा, प्लेटलेट एकमेकींना चिकटत नाहीत तो, आजारही मागे पडला. व्हॉन विलेब्रांड फॅक्टर (रक्त थांबवणाऱ्या प्रथिनांना फॅक्टर म्हणतात, त्यांतला एक) पुरेसा. हिमोग्लोबिन ९.८, म्हणजे आपल्याकडच्या दूधपित्या पोरांचं नेहमीचं.

फाईलमध्ये विट्याच्या लॅबचं बीटी-सीटीही होतं, म्हणजे रक्त थांबायचा आणि गोठायचा वेळ. अडीच मिनिटं आणि पाच मिनिटं, नॉर्मल. बीटी-सीटीबद्दल माझं मत कडवट आहे. टॉन्सिलपासून हर्नियापर्यंत प्रत्येक ऑपरेशनच्या चिठ्ठीवर ते असतं. सीटी लांबायला फॅक्टर फारच खाली जावा लागतो; मध्यम हिमोफिलियाचा मुलगा त्यातून बिनबोभाट पास होतो. त्या कागदाने आजवर जेवढा धीर दिला, त्यातला बराचसा फुकटचा होता.

पण माझाही तसाच फुकटचा निघाला. ४६ चे ३१ झाले याचा मला इतका आनंद झाला की पुढचा विचारच थांबला. लोहाचं औषध दिलं, "काही नाही, वाढीचं वय आहे" म्हणालो. आजीचा मूळ प्रश्न होता तसाच राहिला आणि मी पुढच्या पेशंटची बेल वाजवली.

भाद्रपद संपत आला तेव्हा बाळ पुन्हा आलं. उंबऱ्यावर पडून हनुवटी फाटली होती. विट्यात दोन टाके घातले, रक्त थांबलं, पोरगी रात्री दूध पिऊन झोपली. दुसरा दिवस बरा गेला. त्या रात्री, पडल्यापासून तीसेक तासांनी, पट्टी भिजली. ती बदलली, दुसरीही भिजली. सकाळी सांगलीत आणली तेव्हा ओठ पांढरे, हिमोग्लोबिन ७.९. डोक्याचा सीटी स्कॅन केला. सुदैवाने मेंदूत रक्तस्राव नव्हता.

या वेळी आणखी एक बाई सोबत होत्या. आईची आई, आटपाडीकडच्या, काष्ट्याचं लुगडं, हातात बाळाची दुधाची बाटली. मी पट्टी सोडत असताना त्या कुणालाच उद्देशून नसल्यासारख्या म्हणाल्या, "नाळेच्या वक्ताला बी असंच झालं व्हतं."

"म्हणजे कसं?"

"नाळ पडली आठव्या दिवशी. त्या दिवशी काय न्हाय. मग बेंबी जी वाहाया लागली ती सहा दिस. थांबायची, परत यायची. हळद भरली, राख भरली. शेवटी दवाखान्यात दोरा बांधला."

बाळंतपण माहेरी झालं होतं. ते सहा दिवस आटपाडीच्या घरात घडले, तिथेच राहिले. सासरी कुणाला कळलं नाही, कारण बेंबी वाहणं ही काही सांगायची गोष्ट नव्हती. आणि जिला माहीत होतं ती आई दहाव्या दिवशीची बाळंतीण, तापाने फणफणलेली. मी पहिल्या भेटीत जन्मवजन विचारलं, रडली का विचारलं, जन्मल्यावर व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलं का विचारलं. बेंबी विचारली नाही.

आता ओळ लागली. मांडी दुसऱ्या दिवशी टरारली, हनुवटी दुसऱ्या रात्री, बेंबी नाळ पडल्यानंतर. रक्त थांबत होतं आणि मग सुटत होतं. प्लेटलेट कमी असतील तर ते लगेच वाहत राहतं, थांबतच नाही. इथे गुठळी होत होती, टिकत नव्हती. पीटी, एपीटीटी नॉर्मल, प्लेटलेट नॉर्मल, आणि बेंबीतून रक्त : हे जोडलं की गुठळी पक्की करणारा फॅक्टर तेरा कमी आहे का, हे आठवलंच पाहिजे.

मी खुर्ची ओढून सासूबाईंसमोर बसलो. या वेळी प्रश्न बदलला. "आजी, तुमच्या माहेरी कुणाला असं झालं होतं?"

त्या दचकल्या. "माहेरी? माहेरी व्हय. आमचा धाकटा भाऊ. त्याची बी बेंबी लई दिस वाहिली म्हणायची आई. तीन वरसाचा असताना सोप्यावरनं पडला. उठून खेळला. दुसऱ्या दिशी झोपंतनं उठलाच न्हाय." मग विहीणबाईंकडे बोट करून, "ह्यांच्या मालकांचा सख्खा भाऊ की."

तेव्हा मला कळलं की "आत्या" ही खरोखरचीच आत्या होती. मुलाने मामाची मुलगी केली होती. सांगली-साताऱ्याकडे हे इतकं सरळ आहे की ते कुणी मुद्दाम सांगत नाही. ज्युनियर डॉक्टरने "नात्यात लग्न आहे का" असं विचारलं होतं का, की नुसतीच फुली मारली, हे मी नंतर खोदून विचारलं नाही. आणि श्रावणात आजीने खोटं सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं सासरी नांदलेल्या बाईला "तुमच्या घरात" विचारलं तर ती सासरचंच सांगणार.

फॅक्टर तेराचा दोष आई आणि बाप दोघांकडूनही यावा लागतो. हा आजार साधारण वीस लाखांत एकाला, पण नात्यातल्या लग्नांत ही गणितं बदलतात. आजी आणि तिचा भाऊ दोघांकडे एकेक दोषी जनुक, दोघंही धडधाकट. तिच्याकडून ते मुलात आलं, भावाकडून मुलीत, आणि ती दोघं एकत्र येऊन या पोरीत.

आधी रक्ताचा नमुना काढला, मगच पुढचं. एकदा प्लाझ्मा किंवा क्रायो (क्रायोप्रेसिपिटेट, प्लाझ्मापासून काढलेला फॅक्टरचा अंश) दिलं की बाहेरचा फॅक्टर मिसळतो आणि निदान काही आठवड्यांसाठी हातचं जातं. नमुना घेऊन मी स्वतः मिरजेला गेलो. चाचणी जुनी, स्वस्त आणि डोळ्यांना दिसणारी आहे. प्लाझ्माची गुठळी करायची, ती पाच मोलर युरियाच्या द्रावणात टाकायची आणि बघत बसायचं. पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी सव्वाचारला दोन नळ्या स्टँडमध्ये लावल्या. एकीत त्यांच्याच टेक्निशियनची गुठळी, दुसरीत बाळाची. दोन्ही साबुदाण्याच्या भिजलेल्या दाण्यासारख्या, तळाशी. साडेचारला बाळाच्या दाण्याची कड धूसर झाली. पावणेपाचला नळी हलवली तर आत धाग्यांचा धुरळा उठला. पाच वाजता नळीत फक्त पाणी होतं. टेक्निशियनचा दाणा दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही तसाच होता.

ही चाचणी फॅक्टर जवळजवळ नसेल तरच बोलते. थोडा कमी असेल तर ती गप्प राहते, म्हणून नेमकी पातळी मोजायला दुसरा नमुना मुंबईला पाठवला. उत्तर एक टक्क्याच्या खाली आलं. आई-वडिलांची पातळी निम्म्याच्या आसपास.

एपीटीटीला हे का दिसत नाही, हे मी घरच्यांना सांगितलं ते असं. त्यांच्याकडे टेंभू योजनेचं पाणी आल्यापासून ऊस आहे. तोडकऱ्याने ऊस तोडून ढीग रचला की लांबून मोळी झालेली दिसते. पण वाढ्याने, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्याने, आवळून गाठ मारली नाही तर डोक्यावर घेताना ती सुटते. पीटी आणि एपीटीटी ही घड्याळं पहिला धागा दिसला की थांबतात, म्हणजे ढीग रचला की थांबतात. फायब्रिनचे धागे एकमेकांना आवळायचं काम तेरावा फॅक्टर त्यानंतर करतो. बाळाच्या अंगात वाढंच नव्हतं. सासूबाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, "म्हंजी सुटतंय ते दुसऱ्या दिशी." ज्युनियर डॉक्टरपेक्षा त्यांना लवकर समजलं.

त्याच संध्याकाळी रक्तपेढीतून क्रायोप्रेसिपिटेटची एक पिशवी आणली. हनुवटी थांबली आणि पुन्हा सुटली नाही. या आजारात एवढं बरं आहे की तेरावा फॅक्टर रक्तात फार टिकतो. निम्मा व्हायला नऊ ते चौदा दिवस लागतात, आणि पातळी पाच-दहा टक्के राहिली तरी मोठे रक्तस्राव बहुतेक टळतात. हिमोफिलियाच्या मुलाला आठवड्यातून दोन-तीनदा सुई लागते, हिला चार आठवड्यांतून एकदा. शुद्ध फॅक्टर तेरा बाटलीत मिळतो, पण महाग आणि इकडे सहज नाही, म्हणून क्रायो. क्रायो रक्तदात्यांकडून येतं, संसर्गाची धास्ती तपासणीने कमी होते, संपत नाही. कावीळ बीच्या लसीचे डोस पूर्ण आहेत ना हे पाहिलं. डोस चुकवायचा नाही हे मी चार वेळा बजावलं, कारण उपचार नसलेल्या साधारण तिघांतल्या एकाला कधीतरी मेंदूत रक्तस्राव होतो. आजीच्या भावाचं तेच झालं असणार.

लशी थांबवायच्या नाहीत. क्रायोनंतर घ्यायच्या, बारीक सुईने, आणि जागा न चोळता पाच मिनिटं दाबून धरायची. नर्सबाईंना तशी चिठ्ठी दिली. खाली त्यांची चूक नव्हती हेही लिहिलं, आणि ते गावात वाचून दाखवा असं आजीला सांगितलं.

अपंगत्वाच्या दाखल्याचं अजून अडलंय. २०१६ च्या कायद्यात रक्ताचे तीन आजार आहेत : हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकल सेल. हिमोफिलियाची तिथली व्याख्या मुलग्यांना धरून केलेली. तेराव्या फॅक्टरच्या मुलीला कुठल्या रकान्यात बसवायचं यावर दोन चकरा झाल्या.

दर चौथ्या सोमवारी पोरगी येते. कधी आई आणते, कधी आजी. एकमेकींवरची पाळत संपली आहे. पाठीवर डाग नाहीत. नडग्यांवर आहेत, ते असू देत.

गेल्या खेपेला आजी एकटीच आत थांबल्या. धाकट्या मुलाची सोयरीक बोलणीत आहे, दिवाळीनंतर सुपारी फोडायची म्हणतात. मुलगी कोण विचारलं तर सुनेची पाठची बहीण. मी म्हणालो, दोघांचीही जनुकीय तपासणी करून घ्या, मुंबईत होते. दोघांकडेही दोष निघाला तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक धोका, एकाकडेच निघाला तर काळजी नाही. त्यांनी पिशवीतून फाईल काढली, परत आत ठेवली.

"पोरगी घरातली हाय डॉक्टर. रक्त कशाला तपासायचं तिचं?"

चिठ्ठी मी लिहून दिली आहे. नमुने अजून आलेले नाहीत.